बाबांबरोबर टायर घ्यायला

पिकअप फाटकाशी लावून मी खाली उतरले, तेवढ्यात ओट्यावरून बाबांचा आवाज आला, "मागचं डावं चाक बघ. बोलतंय ते."

मी चाकाकडे बघायचं सोडून बाबांकडेच बघत राहिले. दोन वर्षांत त्यांनी आपणहून काढलेलं हे पहिलंच धड वाक्य असावं. एरवी मी आले की ते "आलीस?" म्हणायचे, निघाले की "निघालीस?" म्हणायचे, आणि मधला तासभर वहिनी आणि मीच बोलत बसायचो. बाबा तिथेच असायचे, पण दुसऱ्या खोलीत असल्यासारखे.

त्यांना काचबिंदू होता. आधी डावा डोळा गेला. उजव्याचं ऑपरेशन केलं, त्यानेही फार काही साधलं नाही. आता खिडकी कुठे आहे ते त्यांना कळतं आणि समोरून कुणी गेलं तर अंधार जरासा हलल्यासारखा वाटतो, एवढंच. दृष्टी गेली त्या वर्षी ते सत्त्याहत्तरचे होते. आधी बाजारात जाणं सुटलं, मग कोपऱ्यावरच्या देवळात जाणं सुटलं, आणि शेवटी फाटकाबाहेर पाऊल टाकणंच बंद झालं. "रुमालाने तोंड पुसतानासुद्धा विचार करावा लागतो, बाहेर जाऊन काय करू?" असं एकदा दादाला म्हणाले होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो पीथमपुरच्या कारखान्यात आहे, सकाळच्या बसने जातो आणि थकून येतो. त्याने आणि वहिनीने बाबांचं काही कमी केलं नाही. पण बाबांना काय हवंय हेच आम्हाला कुणाला कळत नव्हतं.

मी देवासला राहते. नवरा शाळेत गणित शिकवतो आणि मी रोपवाटिका चालवते. शेहेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले, पाच वर्षांपूर्वी ही पिकअप घेतली, आणि तेव्हापासून रोपं मीच पोचवते. धार, बदनावर, कधी रतलामच्या बाजूला. धारची खेप असली की दुपारी माहेरी डोकावते. त्या दिवशीही तशीच आले होते.

"आवाज कसला, बाबा? मला तर काही ऐकू नाही आलं."

"तू आत बसलेली असतेस. मी दोन वर्षं इथे बसून दुसरं काय करतोय? गल्लीत वळलीस तेव्हापासून ऐकतोय. धप, धप, धप. दर फेऱ्याला एकदा."

आणि ते उठले. भिंतीला हात लावत पायऱ्या उतरले. मी धावत जाऊन हात धरला, तर झटकला नाही, पण "नुसती दिशा सांग" म्हणाले. मी त्यांना चाकापाशी नेलं. ते उकिडवे बसले, डावा हात टायरवर टेकवला आणि उजव्या हाताची बोटं आतल्या अंगाने फिरवायला लागले. अगदी सावकाश. मध्येच थांबले.

"इथे हात घाल."

मी घातला. टायरच्या आतल्या बाजूला, जिथे वाकून बघितल्याशिवाय काही दिसत नाही, तिथे अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा होता.

"आतला दोरा तुटलाय," बाबा म्हणाले. "हा हायवेवर फुटतो. तू सकाळी एवढा रस्ता याच्यावर आलीस?"

मी झटकन हात मागे घेतला.

बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. धारला सरकारी बसचा डेपो होता, त्यात ते तीस वर्षं टायरच्या कामावर होते. आमचे मूळ पुरुष मराठ्यांच्या लष्कराबरोबर या मुलखात आले, म्हणे घोड्यांना नाल ठोकायचे. खरं-खोटं कुणाला माहीत, पण बाबा ते मोठ्या ऐटीत सांगत. सरकारी बस बंद पडल्या तेव्हा एका खाजगी बसवाल्याने त्यांना बोलावून घेतलं. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन डेपोत जायची. ते उतरवलेल्या टायरांच्या राशीपुढे उभे राहायचे आणि कुठला ड्रायव्हर ब्रेक दाबून चालवतो, कुठल्या गाडीचा पुढचा दांडा वाकलाय, हे नुसते टायर बघून सांगायचे. ड्रायव्हर लोक त्यांना बिचकून असत.

तर त्यांनी उरलेली तीन चाकंही चाचपली. पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने खाल्ले गेले होते. मागचा उजवा दोन्ही कडांना झिजलेला आणि मधे शाबूत होता. "हवा कमी आणि वजन जास्त," बाबा म्हणाले. मग हात झटकत उभे राहिले. "हे सगळे बदल. कोणते घेणार?"

"देवासला दुकान आहे. तो देईल ते."

"तो देईल ते?" बाबांच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मी विसरूनच गेले होते. परीक्षेत गणितात कमी पडले की पडायची ती. "आधी स्टेपनी लाव. चाक बदलता येतं ना?"

"नाही. पंक्चर झालं तर कुणाला तरी फोन करते."

मी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावलं आणि त्याने ते चाक बदलून दिलं. तो गेल्यावर बाबा ओट्यावर चढता चढता म्हणाले, "माझे कपडे दे पिशवीत. मी येतो."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात घेऊन उभी होती. "कुठे येता, बाबा?"

"देवासला. हिला टायर घ्यायचेत."

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. कुणी काही बोललं तर त्यांचं मन फिरेल, या धास्तीने आम्ही दोघींनी तोंडं मिटून पिशवी भरली.

पिकअपमधे चढायला त्यांना जरा त्रास झाला. एकदा बसल्यावर त्यांनी पट्टा चाचपला, दार दोनदा उघडून नीट लावलं आणि एक हात समोर टेकवून बसले. पाच वर्षांत ते पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले होते. गाडी घेतली तेव्हा त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची तपासणी चालू होती. मी पेढे घेऊन गेले, त्यांनी "हं" म्हटलं आणि पेढा हातात धरून बसले. त्या "हं"चा अर्थ मी बरेच दिवस लावत राहिले होते.

घाटाबिल्लोदच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "गाडीत वजन किती घेतेस?"

"वजन असं नाही बघत. मावेल तेवढं."

"मावेल तेवढं हे काय माप झालं का? काय भरतेस ते सांग."

"रोपांच्या पिशव्या. काळी माती, शेणखत आणि रोप."

"एक पिशवी किती किलोची?"

"तीन असेल. सकाळी पाणी घालून निघते, म्हणजे जास्तच."

"आणि पिशव्या किती?"

"सातशे बसतात. एकावर एक फळी टाकली की."

बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि माझ्याकडे तोंड वळवलं. "अगं बाई, दोन टनांच्या वर झालं हे. तुझी गाडी दीड टनाची आहे."

मी गाडी हळू केली. इतकी वर्षं मी कंपनीला दोष देत होते, रस्त्याला देत होते, मागच्या खेपेला ज्याने टायर विकले त्याला तर मी वाटेत भेटेल त्याला सांगून बदनाम केलं होतं.

"टायरची काही चूक नाही," बाबा म्हणाले. "पाणी आदल्या संध्याकाळी घालत जा, सकाळी नको. आणि पिशव्या पाचशेच भर, एकही जास्त नाही. जास्त असतील तर दोन खेपा कर."

मग ते विचारतच गेले. रस्ता कोणता, कच्चा किती, पक्का किती? आठवड्यात किती दिवस गाडी उभी असते? उन्हात की सावलीत? उतारावर गिअर कोणता ठेवतेस? कोण बरोबर असतं? मी सांगत गेले. कच्चा रस्ता थोडाच, शेतांच्या तोंडाशी तेवढा. गाडी आंब्याखाली असते. बरोबर कुणी नसतं, उतरवायला तिथलेच लोक येतात. पुढच्या आठवड्यात मोहनखेड्याजवळच्या एका धर्मशाळेच्या बागेला रोपं द्यायची आहेत, कडुनिंब, बकुळ, तगर, आणि आजवरची सगळ्यात मोठी मागणी आहे ती. बकुळ बियांपासून करायला किती महिने गेले तेही सांगितलं. टायरचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. पण बाबा ऐकत होते. बायपासला लागलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझं काम नेमकं काय आहे हे मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते. त्यांनी कधी विचारलं नव्हतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं होतं की मी कधी सांगितलं नव्हतं. आम्ही मराठी घरात बोलतो, पण बोलायच्या गोष्टी ठरलेल्या. जेवलीस का, पोरं कशी आहेत, निघालीस का.

देवासला मोठ्या रस्त्यावर एक चकाचक काचेचं दुकान आहे. आधी तिथे गेलो. आत थंडगार हवा होती आणि टायर दागिन्यांसारखे दिव्याखाली मांडलेले. टाय लावलेला विक्रेता पुढे आला आणि बाबांना म्हणाला, "आइए बाबूजी, कौन सी गाड़ी है?"

"गाड़ी मेरी नहीं है, इनकी है," बाबा म्हणाले. "चलाती भी यही है. इनसे पूछो."

मला इतकं बरं वाटलं की क्षणभर मला गाडीचं नावच आठवेना.

त्याने दोन-तीन प्रकार दाखवले. बाबांनी एका टायरला हात लावला आणि त्याच्या बाजूवरची अक्षरं बोटाने शोधायला लागले. टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते चार आकड्यांत त्याच्या अंगावर उठवलेलं असतं. रबर दुकानात पडून पडून म्हातारं होतं, म्हणून आधी ते बघायचं, असं त्यांनी मला गाडीतच सांगितलं होतं. त्यांचं बोट त्या आकड्यांवर तीन वेळा फिरलं. मग ते जरा मोठ्याने म्हणाले, "हा जुना माल आहे. ये पुराना है भाई, पाँच-छह साल पुराना. पॉलिश मारके रखा है."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी वळून बघितलं. विक्रेता खाली वाकला आणि त्याने आकडा वाचला. मीही मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघितला. टायर गेल्याच वर्षीचा होता. शेवटचा आकडा पाच होता आणि बाबांच्या बोटाला तो शून्य लागला होता.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "पाच आहे तो."

विक्रेता उद्धट नव्हता. उद्धट असता तर परवडलं असतं. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "कोई बात नहीं बाबूजी, उमर का तकाजा है. आप आराम से बैठिए, मैं दीदी को दिखा देता हूँ."

बाबांनी हात मागे घेतला, शर्टाला पुसला आणि मला म्हणाले, "मला गाडीत बसव."

मी त्यांना बसवलं. मीही माझ्या बाजूला येऊन बसले. ते समोर तोंड करून बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. "मला धारला सोड," म्हणाले.

धीर देण्याचे सगळे शब्द त्या विक्रेत्याच्या शब्दांसारखेच निघतील अशी भीती वाटली. शेवटी मी चिडून बोलले. खोटं चिडले नव्हते, खरंच चिडले होते. "धारला सोडायला दोन तास, परत यायला दोन तास. आणि टायर? ते कोण घेणार? मी आत जाते आणि तो दाखवतोय ते घेऊन मोकळी होते. मोठमोठ्या ठोकळ्यांचे आहेत, मजबूत म्हणाला."

मग बाबा म्हणाले, "ठोकळ्यांचे?"

"हो. ट्रॅक्टरसारखे."

"पक्क्या रस्त्याला ठोकळ्यांचे?" त्यांचे हात मांडीखालून बाहेर आले. "तुला गाडी शेतात घालायची आहे का? घूं-घूं करून कान किटतील आणि वर्षात झिजून जातील. तुला सरळ रेघांच्या नक्षीचा टायर पाहिजे. वजन पेलणारा."

"ते मला कसं कळणार?"

"बाजूवर लिहिलेलं असतं."

"मग मी वाचते," मी म्हटलं. "मोबाइलवर मोठं करून मला सगळं वाचता येतं. फक्त काय वाचायचं ते माहीत नाही. तुम्ही ते सांगा."

त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. मग म्हणाले, "या दुकानात नको."

उज्जैन रस्त्यावर एक जुनं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, आत छतापर्यंत टायरांच्या चळती आणि पुढे गाड्या उभ्या करायला मोकळी जागा. मालक साठीचा, अंगात बंडी, बोलणं माळव्याचं. त्याने बाबांना बसायला स्टूल दिलं आणि मला विचारलं, "बोलो बेन, कइ लाऊँ?"

या वेळी आम्ही रीतीने गेलो. बाबा सांगायचे आणि मी शोधायची. आधी बनल्याचा आठवडा आणि वर्ष. मग मापाच्या पुढे लिहिलेला वजनाचा आकडा, एक टायर किती किलो पेलेल त्याचा. मग किती थरांची ताकद आहे ते. मी फोटो काढून वाचून दाखवत होते, बाबा मान हलवत होते, आणि मालक हातातलं काम सोडून आमच्याकडे बघत उभा होता. शेवटी दोन प्रकार उरले. एक चालायला मऊ, पण वजन जरा कमी घेणारा. दुसरा कडक, वजन भरपूर घेणारा, रेघांच्या नक्षीचा.

"आता तू सांग," बाबा म्हणाले.

"मी?"

"गाडी कोण चालवतं?"

मी दोन्ही टायरांना हात लावला, जसं काही मला त्यातून कळणार होतं. आणि मग रोपांच्या पिशव्या डोळ्यापुढे आणल्या. "कडक," मी म्हटलं. "पाठीला हिसके बसले तर बसू देत."

"बरोबर. चार काढायला सांग. स्टेपनीला जुन्यातला एक बरा ठेवू."

"नाही, पाच," मी म्हटलं. "मी एकटी असते, बाबा. रस्त्यात चाक बदलायची वेळ आलीच, तर पुढचा सगळा रस्ता मला त्या पाचव्यावर जायचंय. तोही नवाच पाहिजे."

बाबांनी यावर विचार केला. डेपोत स्टेपनी कायम जुनीच असायची, ते मला ठाऊक होतं. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पाच."

मालकाने पाच टायर काढून ओळीने उभे केले. बाबा उठले आणि एकेका टायरची आतली कड, जी लोखंडी चाकाला घट्ट धरून बसते ती, दोन्ही हातांनी गोल चाचपत गेले. पहिला, दुसरा, तिसरा. काचेच्या दुकानातलं पुन्हा होऊ नये एवढंच माझ्या मनात. चौथ्याला ते थांबले. मागे गेले, पुन्हा तिथेच थांबले.

"इथे तार मोडलीय," ते हलक्या आवाजात म्हणाले. मघाशी चूक झाली होती म्हणून असेल, अगदी विचारल्यासारखं म्हणाले. "भाईसाब, जरा हाथ लगाके देखो."

मी बघितलं तर मला काहीच दिसलं नाही. काळ्यावर काळं. मालक म्हणाला, "नवो माल हे बाबूजी, कालेज आयो." माल नवा, कालच आलेला, असं म्हणत असला तरी त्याने बोट लावलं. लावून तसाच राहिला. मग अंगठ्याने दाबून बघितलं. तिथे कडेला बारीकशी मुरड होती. चळतीत खाली दबून आतली तार वाकली होती.

"सही के रिया हो बाबूजी," तो म्हणाला. त्याने तो टायर उचलून वेगळ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि दुसरा आणला. "काँ काम करा आपने?"

"धार डेपो. तीस साल."

मालकाने आत बघून दोन चहा सांगितले.

मला वाटलं झालं आता. पण बाबांनी स्टूल मोकळ्या जागेत, पिकअपजवळ न्यायला लावलं, त्यावर बसले आणि म्हणाले, "पहिलं चाक तू काढायचंस."

"इथे? त्यांची माणसं आहेत ना, बाबा. यंत्राने दोन मिनिटांत होतं."

"मोहनखेड्याच्या रस्त्यावर त्यांची माणसं येणार आहेत का?"

मी ओढणी कमरेला बांधली. बाबा बोलत गेले. आधी पलीकडच्या चाकाला दगड लाव. गाडी उचलायच्या आधीच नट सैल कर, नाहीतर चाक हवेत फिरत राहील. मी पाना लावला आणि दोन्ही हातांनी जोर केला. नट ढिम्म हलेना.

"हाताने नाही. पान्यावर पाय दे."

"पडेन मी."

"गाडीला धर."

मी गाडीला धरून पान्याच्या दांड्यावर पाय दिला, मग सगळं वजन टाकलं. करर्र आवाज झाला आणि नट फिरला. माझ्या तोंडून लहान मुलीसारखी किंकाळी निघाली. चहा पीत उभे असलेले दोन ट्रकवाले हसले. "वा बेन," मालक म्हणाला. बाबा हसले नाहीत, नुसतं "दुसरा" म्हणाले. सगळे नट सैल झाल्यावर जॅक कुठे लावायचा ते त्यांनी मला गाडीखाली हात घालून शोधायला लावलं. चाक उतरलं, नवा टायर बसवून आणलेलं चाक मी पायाच्या आधाराने वर चढवलं, नट समोरासमोरचे आवळले. एकदा मी घाईने शेजारचाच आवळायला घेतला, तर पान्याच्या आवाजावरूनच त्यांना कळलं. "समोरचा, समोरचा," ते ओरडले. या सगळ्याला अर्धा तास लागला. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि पाठ मोडली होती. उरलेली चाकं दुकानातल्या माणसांनी बसवली, पुढच्या चाकांची दिशा यंत्रावर सरळ करून दिली, आणि तोवर मी स्टूलशेजारी जमिनीवर फतकल मारून बसले. बाबांनी माझा हात हातात घेतला आणि तळव्यावर अंगठा फिरवला.

"फोड येईल उद्या," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "गाडी घेतलीस तेव्हा मला पेढा घशाखाली उतरला नाही. माझ्या मनात आलं, पोरीने गाडी घेतली आणि आता मला ती दिसणारही नाही. तुला वाटलं असेल मला आवडलं नाही."

"वाटलं होतं," मी म्हटलं.

"हं."

त्या "हं"चा अर्थ मात्र लगेच कळला.

बाबा देवासला चार दिवस राहिले. नवऱ्याने त्यांच्यासाठी रोपवाटिकेत खुर्ची टाकली. रोज सकाळी गाडी गरम व्हायच्या आत, चाकं थंड असताना, ते माझ्याकडून हवा मोजून घ्यायचे. दादाचा रोज फोन यायचा. त्याला आधी विश्वास बसेना, मग त्याने एकदा फोनवरूनच बाबांना त्याच्या मोटरसायकलच्या मागच्या टायरबद्दल विचारलं आणि दोघं वीस मिनिटं बोलत होते.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. धारला परतल्यावर पंधरा-पंधरा दिवस ते पुन्हा ओट्यावरून हलत नाहीत. मी फोन केला तर वहिनी हळूच सांगते, "आज नको, आज मूड नाही." मागच्या महिन्यात अंघोळीच्या वेळी पडले, त्यानंतर तर आठवडाभर कुणाशी बोललेच नाहीत. पण ठरल्या आठवड्यात मोहनखेड्याच्या खेपेला ते आले. दोन्ही खेपांना आले. दर खेपेला पाचशेच पिशव्या होत्या आणि पाणी आदल्या संध्याकाळी घातलेलं. मी धारला गाडी थांबवली तेव्हा ते पिशवी घेऊन तयार होऊन बसले होते.

दुसऱ्या खेपेला रोपं उतरवून परत येताना सरदारपुरच्या पुढे उसाच्या रसाचं दुकान लागलं. बाबांना तहान लागली म्हणून थांबलो. शेजारी सोयाबीनची पोती भरलेली एक पिकअप उभी होती आणि तिचा ड्रायव्हर, तिशीतला माणूस, पुढच्या चाकाकडे बघत डोकं खाजवत होता. बाबांनी रसाचा पेला माझ्या हातात दिला आणि विचारलं, "काय झालंय त्याला?"

"टायर बघतोय."

"कुठल्या बाजूने खाल्लाय विचार."

मी विचारलं. त्याने सांगितलं, आणि मग तो स्वतःच आमच्यापाशी आला. दोन मिनिटांत बाबा त्याच्या चाकाशी उकिडवे बसलेले होते. तो वाकून ऐकत होता, मधूनमधून "हाँ बाबूजी, हाँ" म्हणत होता. आणखी एक टेम्पोवाला रस्त्यातून वळून आला, आपलीही गाडी बघा म्हणाला.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. जेवण झाकून ठेवलंय, कुठपर्यंत आलात, म्हणून विचारत होती.

"तुम्ही जेवून घ्या," मी म्हटलं. "आम्हाला उशीर होईल."